आत्म्याची रोजनिशी : आत्मनिंदेपासून आत्मप्रीतीपर्यंत

आत्मचरित्र लिहिणारा माणूस आयुष्याच्या उतारावर उभा राहून मागे वळून पाहतो. कोणती गोष्ट सांगायची आणि कोणती गाळायची, हे त्याला ठाऊक असते. रोजनिशी लिहिणाऱ्याला उद्याचा दिवस ठाऊक नसतो. त्यामुळे चुकलेले अंदाज, मोडलेले संकल्प आणि पुन्हापुन्हा उगाळलेली तीच ती दुःखे तिच्यात जशीच्या तशी राहतात. अशी रोजनिशी प्रार्थना म्हणून लिहिली जाते, तेव्हा तिच्यात आणखी एक भर पडते. लिहिणारा परमेश्वराच्या देखत लिहीत असतो. देवाच्या देखत लिहिण्याने माणसाची स्वतःकडे पाहण्याची दृष्टी कशी बदलते, याचा विचार दोन ग्रंथांच्या आधारे येथे करावयाचा आहे. त्यांपैकी पहिला म्हणजे संत पोप जॉन तेविसावे यांचे 'जर्नल ऑफ अ सोल' आणि दुसरा डच धर्मगुरू हेन्री नाउवेन यांचे 'द इनर व्हॉईस ऑफ लव्ह'.

हा प्रश्न केवळ वाङ्मयीन नाही. आपल्या धर्मग्रामांतून अशी कितीतरी चांगली, सेवाभावी, रविवारची मिस्सा न चुकवणारी माणसे भेटतात, ज्यांना स्वतःविषयी एक चांगला शब्द उच्चारता येत नाही. कुणी कौतुक केले तर ती ओशाळतात. आजारी पडली तर आपल्या औषधपाण्याचा खर्च घरावर कशाला, असे म्हणून दुखणे अंगावर काढतात. परीक्षेत मागे पडलेला मुलगा आपण जन्मालाच का आलो, असे मनाशी घोकत बसतो. या साऱ्याला आपण कधी नम्रता म्हणतो, कधी त्याग म्हणतो. पण स्वतःला तुच्छ लेखणे म्हणजे नम्रता, असे ख्रिस्तसभेने खरोखर शिकवले आहे काय? ज्या दोन धर्मगुरूंनी हा प्रश्न आपल्या वहीच्या पानांवर सोसला, त्यांच्याकडे म्हणूनच वळावेसे वाटते.

हिशेबाची वही

आंजेलो रोंकाल्ली यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८८१ रोजी उत्तर इटलीतील बेर्गामोजवळच्या सोत्तो इल मोंते या खेड्यात, अर्धेलीने शेती कसणाऱ्या एका मोठ्या कुटुंबात झाला. १८९५ साली, बेर्गामोच्या सेमिनरीत शिकत असताना, वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांनी ही टिपणे लिहावयास घेतली. पुढे ते धर्मगुरू झाले, बिशपांचे सचिव झाले, पहिल्या महायुद्धात सैनिकी रुग्णालयांतून त्यांनी सेवा केली. बल्गेरिया, तुर्कस्तान, ग्रीस आणि फ्रान्स या देशांत पोपमहोदयांचे प्रतिनिधी म्हणून ते राहिले. १९५३ साली ते कार्डिनल आणि व्हेनिसचे पेट्रिआर्क झाले आणि २८ ऑक्टोबर १९५८ रोजी पोपपदी निवडले गेले. ही वही त्यांच्या सोबतीला होती. ३ जून १९६३ रोजी त्यांचे निधन झाले. १९६४ साली त्यांचे खाजगी सचिव लोरिस कॅपोविला यांनी या वह्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या आणि १९६५ साली त्यांचा इंग्रजी अनुवाद आला. सेमिनरीतल्या पोरसवदा विद्यार्थ्यापासून ऐंशी वर्षांच्या पोपपर्यंत एकाच माणसाच्या अंतर्यामाचा इतका दीर्घ आलेख क्वचितच उपलब्ध होतो.

मात्र हा ग्रंथ मोठ्या अपेक्षेने उघडणाऱ्या वाचकाची प्रारंभी निराशा होते. सुरुवातीची पाने नियमांनी भरलेली आहेत. सकाळी काय करावे, रात्री काय करावे, कोणाच्या सहवासात राहावे, कोणता सहवास टाळावा, यांच्या याद्या त्यांत आहेत. त्यांतले बरेचसे सेमिनरीत मुलांना दिले जाणारे ठरावीक साहित्य आहे. त्यानंतर येतात ती १८९८ च्या सुमाराची टिपणे. जपमाळ म्हणताना मन भरकटले, बोलणे जास्त झाले, जेवताना जिभेवर ताबा राहिला नाही, आपल्याला फार कळते असा आव आणला, अशा लहानसहान अपराधांची नोंद रोज रात्री होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच अपराध, पुन्हा तोच पश्चात्ताप आणि पुन्हा तोच संकल्प. वाङ्मय म्हणून ही पाने कंटाळवाणी आहेत, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. त्यांची भाषा उसनी आहे. सोळा-सतरा वर्षांचा हा मुलगा आपल्या वाचनातल्या संतांच्या शब्दांत स्वतःला रागावतो आहे, आणि त्या रागावण्यात त्याचा स्वतःचा आवाज क्वचितच ऐकू येतो.

या पद्धतीचे मूळ कोठे आहे, हे सेमिनरीतून गेलेल्या वाचकांच्या ध्यानात येईल. संत इग्नेशियस यांच्या १५४८ साली छापल्या गेलेल्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात विशिष्ट आत्मपरीक्षणाची एक रीत दिली आहे. एखादा दोष निवडावा, दिवसातून दोनदा त्याचा आढावा घ्यावा, जितक्या वेळा पाय घसरला तितके ठिपके ओळीवर द्यावेत, आणि दुपारची ओळ रात्रीच्या ओळीशी, आजचा दिवस कालच्या दिवसाशी ताडून पाहावा. ही रीत उपयोगाची आहे. सवयीने जडलेला दोष नेमका कुठे डोके वर काढतो, हे अशा नोंदीवाचून कळत नाही. परंतु त्याच पुस्तकात सर्वसाधारण आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत आणि त्यांतली पहिली पायरी आहे ती उपकारस्मरणाची. मिळालेल्या देणग्यांबद्दल आधी देवाचे आभार मानायचे, मग आपले दोष दिसावेत म्हणून कृपा मागायची, आणि त्यानंतरच दिवसाचा झाडा घ्यायचा. इग्नेशियस यांच्या स्वतःच्या रोजनिशीची फेब्रुवारी १५४४ ते फेब्रुवारी १५४५ या काळातली जी पाने उरली आहेत, ती पाहिली तर तिच्यात दोषांच्या मोजदादीपेक्षा मिस्साच्या वेळी दाटून आलेल्या अश्रूंची नोंद कितीतरी अधिक आढळते. ही साधना पिढ्यान्‌पिढ्या सेमिनरींतून आणि मठांतून शिकवली गेली तेव्हा ठिपके टिकून राहिले आणि आभार मात्र पुष्कळदा गळून पडले. तरुण रोंकाल्लींच्या पानांवर आपल्याला हीच उणीव दिसते. हिशेब चोख आहे, पण ज्याच्यापुढे तो मांडायचा त्या पित्याचा चेहरा अजून नीट दिसलेला नाही.

या कोरड्या पानांत पहिला ओलावा येतो तो एका मृत्यूने. सप्टेंबर १८९८ मध्ये त्यांच्या गावचे वृद्ध धर्मगुरू फ्रान्सिस्को रेबुझ्झिनी यांचे आकस्मिक निधन झाले. त्यांनीच आंजेलोला बाप्तिस्मा दिला होता. त्यांच्या पश्चात 'ख्रिस्तानुकरण' या ग्रंथाची त्यांची जुनी प्रत आठवण म्हणून आंजेलोकडे आली. त्या दिवसांतल्या टिपणांत रोजचा झाडा बाजूला पडतो आणि पोरके झालेले मन बोलू लागते. आपल्यावर कुणी प्रेम केले होते, ही जाणीव अपराधांच्या यादीपेक्षा मोठी ठरते. समीक्षकाच्या दृष्टीने या ग्रंथातले पहिले खरे गद्य येथे आहे.

प्रतिकृती नव्हे, स्वतःची वाट

ग्रंथाचे खरे वळण येते ते १६ जानेवारी १९०३ च्या टिपणात. या वेळी रोंकाल्ली एकवीस वर्षांचे आहेत आणि सक्तीची लष्करी चाकरी संपवून रोमच्या सेमिनरीत परतले आहेत. संत अलॉयसियस गोंझागा हा त्या काळच्या सेमिनरीतल्या प्रत्येक मुलापुढचा आदर्श होता. आंजेलोनेही वर्षानुवर्षे त्याची पावले मोजून आपली पावले टाकण्याचा प्रयत्न केला होता. या टिपणात तो थांबतो आणि आपली पद्धतच चुकीची होती, असे स्वतःशी मान्य करतो. संतांच्या सद्गुणांतले सत्त्व घ्यावे, त्यांचे बाह्य तपशील घेऊ नयेत. आपण अलॉयसियस नाही. आपला स्वभाव, आपली कुवत आणि आपली परिस्थिती यांच्या मापानेच आपण पवित्र झाले पाहिजे. कितीही परिपूर्ण असला तरी एखाद्या नमुन्याची रक्तहीन नक्कल होणे देवाला अपेक्षित नाही, असा त्याचा आशय आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने हे टिपण या ग्रंथाचे हृदय आहे. येथे आत्मप्रीतीचा शब्दही उच्चारलेला नाही. तरीही देवाने मला जसे घडवले, तसे घडवण्यात त्याची चूक झालेली नाही, हा निरोगी आत्मप्रीतीचा पायाच या टिपणात घातला गेला आहे. दुसऱ्या कुणासारखे होण्याची धडपड वरून भक्तीसारखी दिसली, तरी तिच्या तळाशी स्वतःच्या निर्मितीविषयीची नाराजी दडलेली असते. ती नाराजी शेवटी निर्मात्यापर्यंत जाऊन पोहोचते. विशेष म्हणजे हा शोध आंजेलोला ठिपक्यांच्या वहीनेच लावून दिला. इतकी वर्षे प्रामाणिकपणे लिहिल्यामुळेच ही नक्कल चालत नाही, हे त्याला कागदावर दिसले. जे केवळ मनात राहिले असते, त्याच्याशी त्याने आयुष्यभर निष्फळ झुंज दिली असती.

यानंतरची पाने वाचताना आवाजातला फरक जाणवतो. १९२५ साली बिशप झाल्यावर त्यांनी आज्ञापालन आणि शांती हे ब्रीद घेतले. बल्गेरियात जवळजवळ दहा वर्षे ते एका दुर्लक्षित पदावर राहिले. १९२६ च्या मौनसाधनेत ते लिहितात की, आपल्याला होणारे क्लेश बल्गेरियन लोकांकडून आलेले नाहीत, तर ख्रिस्तसभेच्याच मध्यवर्ती कारभाराकडून आलेले आहेत. तरुणपणीच्या आंजेलोने हे दुःखही स्वतःच्या गर्वाच्या खात्यावर टाकले असते. येथे बिशप रोंकाल्ली दुःखाला दुःख म्हणतात, ते कुठून आले हे सांगतात आणि कडवटपणा न धरता ते देवापुढे ठेवतात. स्वतःला सतत आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणाऱ्या माणसाला हे जमत नाही. दुसऱ्याने केलेला अन्यायही तो आपलाच अपराध समजतो. आपली वेदना खरी आहे, असे मानण्याइतका स्वतःविषयीचा आदर असल्याशिवाय खरी क्षमाही करता येत नाही. जखम झालीच नाही, असे म्हणणारा क्षमा तरी कशाची करणार?

१९४० च्या अखेरीस, युरोप युद्धाने पेटलेला असताना, इस्तंबूलमधील मौनसाधनेत त्यांनी स्तोत्रसंहितेतील एक्कावन्नावे स्तोत्र ओळीओळीने चिंतनासाठी घेतले. हे स्तोत्र पश्चात्तापाचे आहे. पण त्यावरील टिपणांत १८९८ ची घुसमट नाही. पापाची जाणीव तितकीच तीव्र आहे, मात्र आता ती दयेच्या अंगणात उभी आहे. पुढे पॅरिसच्या काळात, वय वाढत जाते तसतशी सगळ्या गोष्टी साधेपणाकडे आणि शांतपणाकडे नेण्याची ओढ त्यांच्या लेखणीत दिसू लागते. १९५४ साली व्हेनिसमध्ये लिहिलेल्या आध्यात्मिक मृत्युपत्रात त्यांनी आपल्या घराच्या गरिबीबद्दल देवाचे आभार मानले आहेत. ज्या मुलाला आपल्या प्रत्येक शब्दाची भीती वाटत होती, त्याला आता आपला जन्म, आपले घराणे, आपला स्वभाव, सारेच कृपेच्या खात्यावर जमा दिसते. चौदाव्या वर्षी सुरू झालेली हिशेबाची वही अखेरीस उपकारस्मरणाची वही झाली आहे.

या ग्रंथाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. त्यातला बराचसा भाग वार्षिक मौनसाधनेतल्या टिपणांचा आहे. त्यामुळे पुनरुक्ती फार आहे. ज्यांना ११ ऑक्टोबर १९६२ रोजी सुरू झालेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या पडद्यामागील हकिगती हव्या असतील, त्यांच्या हाती फारसे काही लागणार नाही. ज्या माणसांत ते वावरले, त्यांची व्यक्तिचित्रेही येथे नाहीत. एका बैठकीत वाचण्याचे हे पुस्तक नव्हे. पण त्याची पुनरुक्तीच त्याची साक्षही आहे. माणूस एका रात्रीत बदलत नाही, हे ते पानापानांतून दाखवते. २७ एप्रिल २०१४ रोजी ज्यांना संतपद दिले गेले, त्यांनाही स्वतःशी समेट करायला इतकी वर्षे लागली, हे कळल्याने सामान्य वाचकाला धीर येतो.

स्वतःला 'तू' म्हणणारी वही

हेन्री नाउवेन यांची वही अगदी निराळ्या जातीची आहे. १९३२ साली नेदरलँड्समध्ये जन्मलेले हे धर्मगुरू येल आणि हार्वर्ड या विद्यापीठांत अध्यापक होते. त्यांची पुस्तके सर्वदूर वाचली जात होती. १९८६ साली ते कॅनडात टोरांटोजवळच्या डेब्रेक या समुदायात बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींबरोबर राहावयास गेले. तेथेच, १९८७ च्या अखेरीस, एक जिव्हाळ्याची मैत्री तुटल्याने ते पार कोलमडले. दुसऱ्यांना देवाच्या प्रेमाविषयी सांगणाऱ्या या माणसाला आपण कुणालाही नको आहोत, असे वाटू लागले. त्यांनी समुदायापासून काही काळ दूर राहून उपचार आणि मार्गदर्शन घेतले. डिसेंबर १९८७ ते जून १९८८ या काळात त्यांनी जी टिपणे लिहिली, ती आठ वर्षे त्यांनी छापली नाहीत. मित्रांच्या आग्रहावरून १९९६ साली ती प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी २१ सप्टेंबरला त्यांचे निधन झाले.

या टिपणांची रचना ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रत्येक टिपण पानादोनपानांचे आहे आणि त्यात लेखक स्वतःला 'तू' म्हणून संबोधतो. तुझ्या आत जी खोल दरी आहे तिच्यात उडी टाकू नकोस, तिच्या कडेकडेने काम कर. तुझ्या प्रेमाला तूच सीमा आखून घे. एकाच माणसाने तुझी सारी भूक भागवावी अशी अपेक्षा धरू नकोस. असा त्यांचा सूर आहे. तरुण रोंकाल्लीसुद्धा स्वतःला आज्ञा करीतच होता. मग दोहोंत फरक काय? रोंकाल्लीच्या आज्ञा अपराध्याला दिलेल्या आहेत. नाउवेनच्या आज्ञा रुग्णाच्या उशाशी बसलेल्या मित्राच्या आहेत. आपल्याला इतरांशी जसे बोलावेसे वाटते, तसे आपण स्वतःशी बोलत नाही, ही सर्वसाधारण माणसाची गत आहे. आजारी शेजाऱ्याला आपण म्हणतो, विश्रांती घ्या. स्वतःला मात्र म्हणतो, ऊठ, सोंग करू नकोस. शेजाऱ्यावरच्या प्रेमाचे माप स्वतःवरचे प्रेम आहे, असे प्रभूने सांगितले. नाउवेन यांनी उलट दिशेने सुरुवात केली. शेजाऱ्याला जो शब्द दिला असता, तो त्यांनी स्वतःला दिला.

तरीही या पुस्तकावर माझे दोन आक्षेप आहेत. पहिला असा की, यात इतर माणसे जवळजवळ नाहीत. ज्या दुर्बल मित्रांमध्ये लेखक राहात होता, त्यांपैकी एकाचाही चेहरा वाचकापुढे उभा राहात नाही. दुःखाने माणूस आत वळतो हे खरे, पण केवळ याच पुस्तकावर पोसलेला वाचक आपल्याच जखमेभोवती फिरत राहण्याचा धोका आहे. हा धोका लेखकालाही जाणवला असावा. कारण ही टिपणे एका दमात न वाचता थोडीथोडी वाचावीत, असे त्यांनी आरंभीच सुचवले आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. 'तू' म्हणून बोलणारा हा आवाज कुणाचा? लेखक त्याला प्रेमाचा अंतःस्वर म्हणतो. पण लेखणी तर त्याच्याच हातात आहे. आपल्या मनातली इच्छाच देवाच्या तोंडी घालण्याची सोय वहीत फार सहज असते. नाउवेन या धोक्यातून वाचले, याचे कारण ते एकटे लिहीत नव्हते. दोन मार्गदर्शक सतत त्यांच्याबरोबर होते आणि पवित्र शास्त्राचा आधार सुटला नव्हता. रोंकाल्लींनीही वही लिहिली म्हणून पापनिवेदन सोडले नाही, उलट ते अखेरपर्यंत नियमाने केले. ज्या वहीला कुणाचाच पडताळा नाही, ती वही प्रार्थनेची न राहता हळूहळू आरशाची होते.

आत्मप्रीती : शब्द आणि त्याचा अर्थ

स्वतःवर प्रेम करावे, असे म्हटले की आपल्याकडच्या भाविकांच्या कपाळाला आठी पडते. त्याला कारणही आहे. देवाला तुच्छ लेखण्यापर्यंत जाणारी आत्मप्रीती हाच पृथ्वीवरच्या नगराचा पाया, असे संत ऑगस्टीन यांनी 'देवाचे नगर' या ग्रंथात मांडले आहे. परंतु त्याच ऑगस्टीन यांनी 'कबुलीजबाब' लिहिताना आपले सारे गतायुष्य देवाशी संवाद करीत उलगडले. स्वतःचा इतका बारकाईने शोध घेणारा माणूस स्वतःला टाकाऊ समजत होता, असे कसे म्हणता येईल? संत थॉमस अक्वायनस यांनी तर आपल्या 'सुम्मा'त स्वतःवर दैवी प्रीतीने प्रेम करावे का, असा प्रश्नच उपस्थित केला आहे आणि करावे असे उत्तर दिले आहे. कारण आपण देवाचे आहोत, आणि जे जे देवाचे आहे ते ते प्रेमाला पात्र आहे. आपले शरीरही त्यातून त्यांनी वगळलेले नाही. बाराव्या शतकात क्लेअरव्होचे संत बर्नार्ड यांनी देवावरील प्रीतीच्या चार पायऱ्या सांगितल्या. माणूस आधी स्वतःसाठी स्वतःवर प्रेम करतो, मग स्वतःसाठी देवावर, मग देवासाठी देवावर आणि अखेरीस देवासाठी स्वतःवर. सर्वांत वरची पायरी तिसरी असावी, असे आपल्याला वाटते. बर्नार्ड यांच्या मते ती चौथी आहे आणि तीच सर्वांत कठीण आहे.

या दृष्टीने पाहिले असता आत्मनिंदा आणि अहंकार या दोन गोष्टी वाटतात तितक्या परस्परविरुद्ध राहात नाहीत. अहंकारी माणूस स्वतःला देवापेक्षा वरचढ ठरवतो. आत्मनिंदा करणारा माणूस देवाने दिलेला निर्णय फिरवतो. देव ज्याला आपले लेकरू म्हणतो, त्याला तो कवडीमोल म्हणतो. दोघेही न्यायासनावर स्वतःच बसलेले असतात. आपल्या उपासनेचा क्रम येथे बोलका आहे. मिस्साच्या आरंभी आपण छातीवर हात ठेवून अपराध कबूल करतो. पण तेथेच थांबत नाही. दयेची याचना होते आणि आगमनकाळ व प्रायश्चित्तकाळ सोडून इतर रविवारी लगेच महिमागान सुरू होते. घरी जाऊन जो केवळ पहिलाच भाग आठवत बसतो, त्याने अर्धी मिस्साच ऐकली म्हणावयाचे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये विवेकाविषयीच्या धर्मशिक्षणात स्वतःच्या जीवनाचे पुस्तक वाचावयास सांगितले होते. आपण काहीच लायकीचे नाही, असे सांगणारे विषारी विचार त्या वाचनाने ओळखता येतात, असा त्यांच्या सांगण्याचा रोख होता.

मराठी वाचकाला निरोगी आत्मप्रीतीचा नमुना शोधायला फार दूर जावे लागत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ही रोजनिशी नव्हे आणि लक्ष्मीबाई आपल्या पंथाच्याही नव्हत्या. पण स्वतःचे अज्ञान आणि स्वतःची फजिती त्या ज्या मोकळेपणाने हसत सांगतात, त्या हसण्यात स्वतःविषयी तुच्छता मुळीच नाही. ज्याला आपण प्रिय आहोत याची खात्री असते, त्यालाच स्वतःला असे हसता येते.

आपल्या घरांत

हे सारे पोपांचे आणि प्राध्यापकांचे झाले; आमच्या घरांत कोण वही लिहितो, असे कोणी म्हणेल. वस्तुतः आपल्या घरांतून रोजची नोंद चालूच असते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकोनात दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, मुलांची फी, वडिलांच्या वर्षश्राद्धाची मिस्सा हे सारे गृहिणी लिहून ठेवते. त्याच चौकोनात दिवसातल्या एका उपकाराचा एक शब्द लिहिला, तरी इग्नेशियस यांची पहिली पायरी घडली. ज्यांना वही लिहावीशी वाटेल, त्यांनी या दोन ग्रंथांतून तीन गोष्टी घ्याव्यात. आभाराने आरंभ करावा. अपराध लिहावा, पण त्याखाली स्वतःला शिवी लिहू नये. आपल्या मुलाने तोच अपराध केला असता तर त्याला जे सांगितले असते, ते लिहावे. आणि पानावर निदान एका दुसऱ्या माणसाचे नाव प्रार्थनेसाठी असावे, म्हणजे वहीचे दार बाहेरच्या बाजूला उघडे राहील. घरच्यांनीही एक पथ्य पाळावे. दुसऱ्याची अशी वही उघडू नये, मग ती आपल्या मुलाची असो वा पत्नीची. नाउवेन यांना आपली वही दाखवायला आठ वर्षे लागली. ती त्यांची गुप्तता नव्हती, जखम भरण्यासाठी लागलेला तो अवधी होता.

आणखी एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. वही हे औषध नव्हे. ज्याला जगणेच नकोसे झाले आहे, ज्याची झोप आणि भूक उडाली आहे, त्याला प्रार्थना वाढव, वही लिही, एवढेच सांगून परत पाठवणे ही निष्ठुरता आहे. नाउवेन यांच्यासारखा धर्मगुरू जर मदतीसाठी दुसऱ्यांकडे गेला, तर आपल्या मुलीला किंवा भावाला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेण्यात लाज कसली? स्वतःची काळजी घेऊ देणे, हीसुद्धा आत्मप्रीतीच आहे.

रोंकाल्ली आणि नाउवेन यांत तुलना करून एकाला वरचढ ठरवायचे झाल्यास माझा कौल रोंकाल्लींच्या बाजूने पडेल. नाउवेन यांचे गद्य अधिक जवळचे वाटते आणि संकटाच्या रात्री तेच हाती घ्यावेसे वाटेल. पण रोंकाल्लींची वही एका संपूर्ण आयुष्याची साक्ष देते. आत्मनिंदेच्या शाळेत शिकलेला मुलगा, विश्वासाचा धागा न सोडता, देवाच्या देखत लिहीत लिहीत स्वतःशी कसा सलोखा करतो, हे तिच्यात दिसते. तिची पहिली पाने कंटाळवाणी वाटली तरी वाचकांनी ती गाळू नयेत. आपल्यापैकी बरेचजण अजून त्याच पानांवर आहेत, आणि पुढची पाने आपल्यालाही लिहावयाची आहेत.